शिशाच्या गोळींतील पोकळी

वैतरणेच्या मुखापासून उत्तरेस किनाऱ्यावर तारापूरचा जुना किल्ला आहे. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी आप्पांच्या फौजेनें तो पोर्तुगीजांपासून हल्ला करून घेतला. परंतु त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून पडला.

त्या काळची गोळी म्हणजे शिसें वितळवून सांच्यांत ओतलेला भरीव, वाटोळा गोळा. तोंडाकडून ठासतां यावी म्हणून ती नळीहून लहान ठेवीत. त्यामुळें दारूचा जोर बाजूनें निसटे आणि लांबचा नेम चुके.

यावरील उपाय हिंदुस्थानांतच सुचला, असें सांगतात. दक्षिणेंतील फुंकनळीच्या बाणाच्या बुडाशीं कमळाचा भेंड असे; फुंकर बसतांच तो फुगून नळी बंद करी. हें पाहून इंग्रजी फौजेंतील कॅप्टन नॉर्टन यानें बुडाशीं पोकळ अशी लांबट गोळी योजिली. १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी मिनिए यानें ती प्रचारांत आणली. बार उडतांच बूड फांके, नळीच्या आट्यांत रुते, आणि गोळी फिरत सरळ जाई. १८५७ सालीं ज्या काडतुसांनीं हिंदी शिपाई खवळले, त्यांतही याच जातीची गोळी होती.

पुढें शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील डमडम येथें टोंकाचें शिसें उघडें ठेवलेली गोळी निघाली. पाठोपाठ टोंकाशींच पोकळ असलेलीही आली. शरीरांत शिरतांच ती फुले व भयंकर जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेंत अशा गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरल्या.

बुडाची पोकळी नेमासाठीं होती, टोंकाची यातनेसाठीं. तारापुरास साध्या गोळीनेंही वीर पडलाच होता. मात्र मारण्यासही मर्यादा हवी, हें राष्ट्रांनीं कागदावर मान्य करण्यास त्यानंतर १६० वर्षें लागलीं.