सहार ते कुलाबा, सामानासकट

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडलं, तेव्हा परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला मुंबईत शिरायची वाट एकच होती, ती समुद्राची. हॉटेलही त्या वाटेच्या तोंडाशीच उभं राहिलं. अपोलो बंदरावर उतरलेला माणूस चार पावलं चालला की हॉटेलच्या दारात. पुढे बॅलार्ड पिअर झालं, टपालाच्या मोठ्या आगबोटी थेट धक्क्याला लागू लागल्या आणि आगगाडीचे रूळही धक्क्यापर्यंत आले. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल ही आगगाडी बोटीतून उतरणाऱ्यांची सोय बघूनच आखलेली होती. ज्यांना मुंबईतच मुक्काम करायचा असे, त्यांच्या पेट्या हमाल व्हिक्टोरियावर नाहीतर टॅक्सीवर चढवत. मोटार टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर १९११ पासून धावत होत्या आणि धक्का ते हॉटेल हे अंतर जेमतेम दोन किलोमीटरचं होतं. जड ट्रंका, टोप्यांच्या पेट्या, वळकट्या असा सगळा संसार घेऊन उतरणाऱ्यालाही त्या शेवटच्या टप्प्याची धास्ती नव्हती.

विमानं आली आणि शहराचं दार पंचवीस-तीस किलोमीटर उत्तरेला सरकलं. मोठी हॉटेलं, कचेऱ्या, बँका, सरकार हे सारं मात्र पुढची कित्येक दशकं बेटाच्या दक्षिण टोकालाच राहिलं. या दोहोंना जोडणारी वाट कुणी एकदाच बसून आखली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी घडली आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा मोटारीत बसलेल्या माणसासाठी घडला. विमानतळ ते हॉटेल या प्रवासाचा मुंबईतला इतिहास म्हणजे त्या तुकड्यांचा इतिहास.

सुरुवात जुहूची. तिथला मुलकी विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे, छोट्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन इथेच उतरले. विमानतळ म्हणजे मोकळं मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा, त्यामुळे टाटांची विमानं त्या महिन्यांत पुण्याहून, येरवड्याच्या धावपट्टीवरून उडत. तेव्हा विमानातून टपालच जास्त यायचं आणि माणसं मोजकी. त्यामुळे शहरात जायचं कसं, हा प्रश्न फार कुणाला पडतच नव्हता.

तो पडू लागला सांताक्रूझपासून. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरलेला हा तळ युद्धानंतर मुलकी वाहतुकीसाठी खुला झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, आणि मुंबई युरोपशी स्वतःच्या विमानाने जोडली गेली. १९५८ साली सांताक्रूझला नवी टर्मिनल इमारत झाली. आता विमानातून दरवेळी डझनावारी माणसं सामानासकट उतरू लागली आणि बहुतेकांना जायचं असे फोर्टात नाहीतर कुलाब्याला.

त्यांच्यापुढचा रस्ता मात्र जुनाच होता. घोडबंदर रस्त्याने वांद्र्याला यायचं, माहीमचा कॉजवे ओलांडायचा. मग शिवाजी पार्क, प्रभादेवी, वरळी, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी आणि शेवटी मरीन ड्राइव्ह. यातला कळीचा दुवा म्हणजे कॉजवे. वांद्रे आणि माहीम यांमधली खाडी होडीने ओलांडताना माणसं बुडत, म्हणून सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी या पुलासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्यांची अट अशी की या वाटेवर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली कॉजवे खुला झाला. शंभर वर्षांनी विमानातून उतरलेला पाहुणा आवाबाईंच्याच पैशातून झालेल्या वाटेने बेटावर येत होता, आणि त्या खाडीचा दर्प ही त्याची मुंबईशी पहिली ओळख ठरत होती. वांद्र्यापासून उत्तरेला पश्चिम द्रुतगती महामार्ग झाल्यावर विमानतळाकडचा टप्पा सुधारला. कॉजवेच्या दक्षिणेला मात्र तीच दाटी कायम राहिली.

रूळ तर हाकेच्या अंतरावर होते. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावत होती; सांताक्रूझ आणि विलेपार्ले ही स्थानकं धावपट्टीपासून फार लांब नव्हती. तरी दोन सुटकेसी घेऊन सकाळी नवाच्या चर्चगेट लोकलमध्ये चढायची हिंमत कोण करणार? मालडब्यात मासळीच्या पाट्या आणि भाजीची गाठोडी असत. विमानतळावरून स्थानकापर्यंत यायलाही वाहन लागेच. इतक्या जवळून जाणारी रेल्वे विमानतळाला कधी जोडली गेली नाही. या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी.

एक सामायिक सोय होती, ती बसची. विमान कंपन्यांच्या शहरातल्या कचेरीपासून विमानतळापर्यंत प्रवाशांना बसने नेण्याची रीत तेव्हा जगभर होती. नरिमन पॉइंटला १९७४ साली एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी राहिली. विमानतळाची बस याच इमारतीपाशी यायची आणि इथूनच सुटायची. सामान बसच्या पोटात, माणूस खिडकीशी आणि भाडं टॅक्सीच्या मानाने किरकोळ. ओबेरॉय शेजारीच आणि कुलाबा टॅक्सीने पाच-दहा मिनिटांवर. पाठपिशवी घेऊन हिंडणाऱ्या परदेशी तरुणांना ही बस पाठ असे. पण ठरलेल्या वेळेची बस आणि मुंबईत उतरणारी विमानं यांचं वेळापत्रक जुळणं अवघड होतं. युरोपातून दिवसा निघालेली विमानं मुंबईत पोचत ती रात्री उशिरा, बऱ्याचदा मध्यरात्र उलटल्यावर. त्या वेळी दाराशी उभी असे ती काळी-पिवळी.

मुंबईची टॅक्सी म्हणजे अनेक वर्षं फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या फियाट ११०० डिलाइटचं पुढे प्रेसिडेंट झालं आणि मग पद्मिनी. छोटी गाडी, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, मागे लहानशी डिकी. मोठ्या सामानाची जागा टपावर, लोखंडी कॅरियरमध्ये. सुटकेस वर टाकायची, दोरीने आवळायची आणि निघायचं. पुढे न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्सींमध्ये सीएनजी आला, हवा सुधारली. पण गॅसचा सिलेंडर डिकीत बसला आणि कॅरियरचं महत्त्व आणखी वाढलं. सामानाचं भाडं नगावर, मीटरच्या भाड्याहून वेगळं.

मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला. चालक खिडकीतून हात काढून त्याची पाटी खाली पाडायचा, चक्रं फिरू लागायची. मीटरची सुरुवात एक रुपयापासून व्हायची आणि भाडेवाढ होत गेली तरी मीटर तेच राहिले. त्यामुळे खरं भाडं मीटरवरच्या आकड्याच्या कितीतरी पट. २००० च्या सुमाराला हे प्रमाण दहापटीच्याही पुढे गेलं होतं. हिशेब परिवहन खात्याच्या दरपत्रकावर बघायचा. रोज टॅक्सीने फिरणाऱ्या मुंबईकराला तो तोंडपाठ असे. रात्री दोन वाजता, दहा तासांच्या प्रवासानंतर उतरलेल्या माणसाला मीटरवर वीस-पंचवीसचा आकडा दिसे आणि चालक काही शे रुपये मागे. बरोबर मागणारा आणि जास्त मागणारा यांत फरक कसा करायचा? विमानतळावर प्रीपेडची खिडकी आली ती याच गोंधळावर उपाय म्हणून. आधी पैसे भरायचे, पावतीवर गाडीचा नंबर आणि ठिकाण. मीटरही पुढे इलेक्ट्रॉनिक झाले.

चालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. विमानतळाच्या रांगेतला टॅक्सीवाला एका भाड्यासाठी तासन्‌तास थांबतो. कुलाब्याचं भाडं लागलं तर थांबल्याचं चीज होतं. अंधेरीचं लागलं तर अर्धा दिवस फुकट. जवळचं भाडं नाकारलं जाण्याचं मूळ बरेचदा या रांगेच्या रचनेत असतं, चालकाच्या स्वभावात नाही. पालनपूर भागातून आलेले चिलिया मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत. पंजाबी चालक आले, पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्यांनी टॅक्सी सांभाळली. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची बांधणी जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या नेत्याने केली. रात्रीची मुंबई परक्या माणसाला सुखरूप हॉटेलात पोचवत आली ती या चालकांच्या जिवावर. आणि रिक्षा? उपनगरात त्यांचं राज्य, पण शहर बेटावर त्यांना मनाई. विमानतळाहून रिक्षाने निघालेल्याला वांद्र्याला किंवा शीवला उतरून सामान पुन्हा टॅक्सीत चढवावंच लागतं.

सत्तरच्या दशकात आखाताची दारं उघडली आणि सामानाचं रूपच पालटलं. कोकणातल्या गावागावांतून माणसं कामाला गेली. ती सुट्टीवर परतत ती टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, कापडाचे तागे असं दोरखंडाने बांधलेलं सामान घेऊन. त्यांचा मुक्काम ताजमध्ये नसे. डोंगरी-भेंडीबाजाराकडची लॉज, नाहीतर नातेवाइकाची खोली, आणि तिथून गावची एसटी. त्या काळी टॅक्सीचं कॅरियर खऱ्या अर्थाने भरलं ते या माणसांनी. १९७९ च्या सप्टेंबरात सांताक्रूझच्या टर्मिनलला मोठी आग लागली. त्यानंतर घाईने जी तात्पुरती सोय उभी राहिली तिचं नावच ‘गल्फ टर्मिनल’. १९८१ साली आंतरराष्ट्रीय विमानं सहारला गेली. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या या जुन्या गावाचं नाव जगभरच्या तिकिटांवर पोचलं, आणि दक्षिण मुंबई आणखी थोडी लांब गेली.

रस्त्यांचे तुकडे पडत राहिले. १९६५ साली केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल झाला, देशातला पहिला. त्याचा आराखडा अभियंता शिरीष पटेल यांचा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पन्नासहून जास्त उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला, त्यातले काही पश्चिम द्रुतगती महामार्गावर. वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ ची, उद्घाटन ३० जून २००९ चं. ५.६ किलोमीटरच्या या सेतूने माहीमची दाटी टाळली आणि मोटारवाल्याकडून त्याचा टोल घेतला. १२ फेब्रुवारी २०१४ पासून सहारचं नवं टर्मिनल सुरू झालं, त्याच दिवशी महामार्गावरून थेट त्याच्या दारात नेणारा उन्नत रस्ताही खुला झाला. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्त्याचा पहिला टप्पा आला, मलबार हिलखालून जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांसह. वाहतूक मोकळी असेल तर मोटार आता विमानतळाहून मरीन ड्राइव्हला पाऊण तासात येते. पण सागरी सेतू काय आणि किनारी रस्ता काय, दुचाकी आणि रिक्षा दोन्हींवर चालत नाहीत. ज्याला मोटार परवडते त्याचंच अंतर कमी झालं.

ही कोंडी फोडली मेट्रो ३ ने. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत, असे तिचे तीन टप्पे. साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं, सर्वांत मोठं तिकीट ७० रुपये. दोन्ही टर्मिनलांना आपापलं स्थानक आहे. विजेची लोकल सुरू झाल्यावर सत्त्याण्णव वर्षांनी विमानतळावरून दक्षिण मुंबईपर्यंत सलग रूळ आले. चाकांची बॅग घेऊन सहारला गाडीत बसलेला माणूस चर्चगेट, हुतात्मा चौक किंवा विधान भवनला उतरू शकतो. विमानतळावर काम करणाऱ्या सफाई कामगारालाही तीच गाडी आणि तेच तिकीट आहे, हे या मार्गाचं सर्वांत मोठं देणं.

उणिवा मात्र खऱ्या आहेत. शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात आणि परदेशची बरीच विमानं त्यानंतर उतरतात. हुतात्मा चौकातून कुलाब्याकडे चालत निघालं तर उखडलेल्या फरशा, फेरीवाले आणि उंच कठडे यांमधून बॅग ओढायची की उचलायची, हे दर शंभर पावलांवर ठरवावं लागतं.

मेट्रोचा शेवटचा टप्पा आणि नवी मुंबईचा विमानतळ या दोहोंचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला. नव्या विमानतळाहून कुलाब्याला यायचं तर सध्या भर अटल सेतूवर आहे. तो जवळपास २२ किलोमीटरचा आहे, टोलचा आहे, आणि दुचाकी, रिक्षांना तिथेही मज्जाव आहे. दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ आखली जात आहे. तिचे नकाशे कायम होण्याआधी रात्रभर धावणाऱ्या गाड्या, सामान ठेवायची डब्यातली जागा, पुरेशा लिफ्ट आणि स्थानकाबाहेरचे सलग पदपथ यांची तरतूद त्यात हवी. मागून तुकडे जोडायला किती वर्षं लागतात, हे सहारच्या वाटेने मुंबईला पुरतं दाखवलं आहे, आणि नवी मुंबईला त्या वर्षांचा हिशेब आजच मांडता येईल.