कोठडीने दिलेला आजार

१९१२ सालच्या एप्रिलअखेरीस पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये अलीपूर बॉम्ब खटल्यातला तरुण कैदी इंदुभूषण रॉय याने आपल्या कोठडीत गळफास लावून घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांत, त्याच खटल्यात आधी फाशी आणि मग अपिलात जन्मठेप झालेला उल्लासकर दत्त भ्रमिष्ट झाला आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. मराठी वाचकाला या दोन्ही घटना ठाऊक आहेत त्या प्रामुख्याने सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे. १९२७ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक आपण धैर्याची आणि छळाची कहाणी म्हणून वाचत आलो आहोत. मात्र ते आणखी एका दृष्टीने वाचायला हवे. तुरुंगात माणसाचे मन कसे मोडते आणि ते मोडल्यावर तुरुंग काय करतो, याचा तो मराठीतला फार महत्त्वाचा दस्तऐवज आहे. कैद्यांमधल्या मानसिक आजाराचा विचार करताना आपण सहसा असे धरून चालतो की आजारी माणूस बाहेरून आत येतो आणि बिचाऱ्या तुरुंगाला त्याला सांभाळावे लागते. अंदमानचा इतिहास वेगळे सांगतो. तिथला आजार मोठ्या प्रमाणात तुरुंगाच्या रचनेतूनच निपजला होता, आणि तो निपजणार हे ती रचना उभारण्यापूर्वी जगाला माहीत झालेले होते.

अंदमानची बंदी-वसाहत १८५८ सालची, म्हणजे सेल्युलर जेलपेक्षा चाळीसेक वर्षांनी जुनी. पहिल्या काळात कैदी बराकींत राहत, जंगल तोडत, रस्ते बांधत आणि काही वर्षांनी वर्तन चांगले असल्यास बाहेर राहण्याच्या परवानगीचे तिकीट मिळवून शेती करत. १८९० साली चार्ल्स लायल आणि आल्फ्रेड लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची पाहणी केली. काळ्या पाण्याची धास्ती कमी झाली आहे, कित्येक कैद्यांना हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा अंदमान बरे वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर त्यांनी उपाय सुचवला तो असा, की नव्याने आलेल्या प्रत्येक कैद्याला पहिले सहा महिने स्वतंत्र कोठडीत ठेवावे. त्या शिफारशीतून १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात तीनमजली इमारतींचा तुरुंग उभा राहिला. त्यात सातशेच्या आसपास कोठड्या होत्या आणि बराक एकही नव्हती. प्रत्येक कोठडी सुमारे साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. हवेसाठी हाताच्या टप्प्याबाहेर एक झरोका. एका इमारतीच्या दारांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ येईल अशी मांडणी होती, जेणेकरून समोरासमोर माणूस दिसू नये. सहा महिन्यांसाठी आखलेली ही व्यवस्था राजकीय कैद्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालू राहिली.

माणसाला एकटे ठेवण्याचा हा प्रयोग अंदमानात पहिल्यांदा झाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण त्यामागे पाऊणशे वर्षांचा अनुभव होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात १८२१ च्या सुमारास ऐंशीएक कैद्यांना कामाविना संपूर्ण एकांतात ठेवले गेले. काही मेले, काहींची बुद्धी ढळली, आणि दोनेक वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. १८२९ साली फिलाडेल्फियात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरी सुरू झाली. तिच्यामागचा क्वेकर पंथीयांचा हेतू खरोखर सात्त्विक होता. फटके आणि फाशीऐवजी एकांतात पश्चात्ताप होऊन माणूस सुधारेल, अशी त्यांची श्रद्धा होती. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये तो तुरुंग पाहून आला आणि मनावर रोज होणारा हा आघात शरीराच्या छळाहून भयंकर आहे असे मत त्याने आपल्या प्रवासवर्णनात मांडले. त्याच वर्षी लंडनमध्ये पेंटनव्हिल सुरू झाला. इथला पुरावा सर्वांत बोलका आहे, कारण तिथे कैदी निवडून घेतले जात. तरुण, धडधाकट आणि वैद्यकीय तपासणीत उतरलेलेच. तरीही वेड लागण्याचे प्रकार इतके झाले की अठरा महिन्यांची एकांताची मुदत आधी बारा आणि मग नऊ महिन्यांवर आणावी लागली. ज्या १८९० साली लायल आणि लेथब्रिज अंदमानात एकांताची शिफारस करत होते, त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेडली नावाच्या कैद्याच्या खटल्यात जुन्या अनुभवाचा हिशेब मांडला होता. थोड्याच काळाच्या एकांतानंतरही बरेच कैदी अर्धवट बधिर होतात, काही हिंसक वेडाकडे झुकतात, काही जीव देतात, आणि जे टिकतात तेही पुन्हा समाजाच्या उपयोगाचे राहत नाहीत, असे त्या निकालात नोंदलेले आहे. त्यामुळे ‘त्या काळी मानसशास्त्र कुठे होते’ हा बचाव टिकत नाही. कारण समजले नसेल, पण परिणाम मोजून झाला होता.

शिवाय हे ज्ञान लंडनला आणि वॉशिंग्टनला राहिले होते असेही नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतच ते उतरलेले आहे. कलम ७३ नुसार न्यायालयाला एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त एकांतवास देता येत नव्हता. कलम ७४ प्रमाणे तो एका वेळी चौदा दिवसांपलीकडे नेता येत नसे आणि दोन खेपांमध्ये तितकेच अंतर ठेवावे लागे. १८९४ च्या कारागृह अधिनियमात अशा कोठडीतल्या कैद्याला अधिकाऱ्याशी संपर्क साधण्याची सोय असावी आणि चोवीस तासांहून अधिक काळ कोठडीत असलेल्याला वैद्यकीय अधिकाऱ्याने रोज पाहावे, अशी तरतूद आहे. निव्वळ कोंडून ठेवण्यात धोका नसता, तर दिवसांची ही मोजदाद आणि डॉक्टरची ही रोजची फेरी कशासाठी घातली असती? विषाच्या बाटलीवर मात्रा लिहावी तशी ही कलमे आहेत. प्रशासनाने अंदमानात मात्र त्यातून वाट काढली. कैदी दिवसा कोलूवर, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, किंवा काथ्याच्या कामावर जातो, म्हणजे तो एकांतात नाही, अशी भूमिका घेतली गेली. ही भूमिका सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. पेंटनव्हिलसारखा अखंड एकांत इथे नव्हता. पण राजकीय कैद्यांना एकमेकांपासून तोडून वेगवेगळ्या इमारतींत ठेवले जाई, आपसात बोलणे हा गुन्हा होता, घरचे पत्र वर्षातून एखादे, आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याचा कोलू भरला नाही तर पुढे दंडाबेडी, कांजीचा आहार किंवा भिंतीच्या कड्याला हात अडकवून दिवसभर उभे राहण्याची सजा. माणसांत असूनही माणसाशी बोलता येऊ नये, असा हा दिनक्रम होता.

उल्लासकर दत्तची हकीकत थोडी सविस्तर पाहिली पाहिजे, कारण तुरुंग मानसिक आजाराला कसा सामोरा जातो याच्या सगळ्या पायऱ्या तिच्यात दिसतात. त्याला जेलबाहेरच्या वसाहतीत विटांच्या कामावर लावले होते. उन्हातले ते काम सोसेना तेव्हा त्याने साफ नकार दिला. नकार म्हणजे शिस्तभंग. त्याला परत सेल्युलर जेलमध्ये आणून हातकडीत उभे टांगण्यात आले. त्या अवस्थेत त्याला प्रचंड ताप चढला, भास होऊ लागले, तो ओरडू लागला. आता प्रश्न आला तो हे खरे की सोंग. सोंग उघडे पाडण्यासाठी त्याच्या अंगाला विजेचे झटके दिले गेल्याची नोंद त्याच्या आणि सोबत्यांच्या आठवणींत आहे. झटक्यांनी तो शुद्धीवर आला नाही, तेव्हा कुठे तो रोगी ठरला आणि हॅडो येथील वेड्यांच्या इस्पितळात गेला. पुढे त्याला मद्रासच्या इस्पितळात हलवले आणि १९२० साली सुटका होईपर्यंत तो तिथे होता. सरकारी खुलाशात या वेडाचे खापर मलेरियाच्या तापावर फोडले गेले. इंदुभूषणच्या आत्महत्येबाबतही कामाच्या जाचाशी तिचा संबंध नाकारण्यात आला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी शिस्तभंग, मग सोंगाचा संशय, मग दुसऱ्या इमारतीत रवानगी, आणि शेवटी असे कारण, ज्यात तुरुंगाचा हात कुठेच नाही. या साऱ्या क्रमात उपचार सर्वांत उशिरा येतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे सगळे क्रांतिकारकांनी स्वतःच लिहिलेले आहे. बारींद्रकुमार घोष, उल्लासकर, सावरकर हे सरकारचे वैरी होते; त्यांची साक्ष एकतर्फी असणारच. आक्षेप रास्त आहे, आणि आठवणींतला प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारण्याची गरजही नाही. पण माझा युक्तिवाद वादग्रस्त तपशिलांवर उभा नाही. उल्लासकर वेडा झाला हे खुद्द सरकारने मान्य केले होते; त्याला वर्षानुवर्षे इस्पितळात ठेवण्याचा निर्णय सरकारचाच होता. वाद होता तो कारणाचा. आणि तापामुळे भ्रम होतो हे मान्य केले तरी, तापलेला माणूस हातकडीत टांगलेला का होता हे मलेरिया सांगू शकत नाही. शिवाय या लेखकांनी फक्त पराक्रमच लिहिलेला नाही. आत्महत्येचे विचार स्वतःच्या मनात घोळत होते, हे सावरकरांनी लपवलेले नाही. ज्याला केवळ प्रचार करायचा असतो तो आपल्या मनाची अशी पडझड सहसा उघड करत नाही. त्यांच्या साक्षीत उणीव आहे ती दुसरीच. ते शिकलेले होते, त्यांच्याबद्दल कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत लिहून येत होते, कायदेमंडळात प्रश्न विचारले जात होते. १९१३ साली रेजिनाल्ड क्रॅडॉकसारखा वरिष्ठ अधिकारी त्यांची गाऱ्हाणी ऐकायला अंदमानात आला. वसाहतीत त्या वेळी हजारोंच्या संख्येने असलेल्या साध्या कैद्यांच्या, दरोडेखोरांच्या आणि खुन्यांच्या मनाचे काय झाले, हे कोणी लिहिले नाही. हॅडोचे वेड्यांचे इस्पितळ या राजकीय कैद्यांसाठी बांधलेले नव्हते. ते ज्यांच्यासाठी होते, त्यांची नावे आज कोणालाही आठवत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. कैदी खरोखरच सोंग करतात. कामातून सुटण्यासाठी, खटला टाळण्यासाठी, इस्पितळातल्या बऱ्या जेवणासाठी वेडाचे नाटक करणारे प्रत्येक तुरुंगात असतात, आणि अधिकाऱ्याने डोळे मिटून सगळे खरे मानावे असे कोणी म्हणणार नाही. पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. सोंग करणाऱ्याला रोगी मानले तर चार दिवसांचे काम बुडते. रोग्याला सोंगाडा मानले तर त्याला शिक्षा होते, शिक्षेने रोग वाढतो, आणि वाढलेला रोग पुन्हा शिस्तभंगासारखा दिसतो. ज्या संस्थेच्या हाती शिक्षा आणि निदान दोन्ही असतात, तिचा कल आपोआप स्वस्त चुकीकडे न झुकता सोयीच्या चुकीकडे झुकतो. म्हणून निदान तुरुंगाच्या हुकमतीबाहेरच्या डॉक्टरकडे असणे आवश्यक ठरते.

१९१९-२० च्या कार्ड्यू समितीने अंदमानला कैदी पाठवण्याची प्रथा बंद करण्याची शिफारस केली, तरी १९३२ नंतर राजकीय कैद्यांची जहाजे पुन्हा तिकडे गेलीच. स्वातंत्र्यानंतर सेल्युलर जेल स्मारक झाला. त्या तुरुंगामागची एकांताची कल्पना मात्र कायद्यातून गेली नाही. आज कोणी म्हणेल, आपल्या तुरुंगांचा प्रश्न एकांताचा नाही, गर्दीचा आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते, हे खरेच. पण त्या गर्दीच्या पोटातही कैद्याला एकटे कोंडणारे फाशी यार्ड आणि अंडा सेल आहेतच. सरकारी आकडेवारीत मानसिक आजार असलेले कैदी दोन टक्क्यांच्याही आत दाखवले जातात. याउलट, दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ ए’ने फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांचा अभ्यास करून २०२१ साली जो अहवाल काढला, त्यात ६२ टक्क्यांना मानसिक आजार आढळला. दोन्ही आकडे एकाच प्रकारच्या कैद्यांचे नाहीत, त्यामुळे त्यांची सरळ तुलना करू नये. पण इतकी तफावत पाहता, जिथे नीट तपासले तिथे आजार सापडला, एवढे तरी म्हणावेच लागते. त्याच २०२२ सालात तुरुंगांतल्या १५९ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ११९ आत्महत्या होत्या.

न्यायालये सावकाश का होईना पुढे आली आहेत. सुनील बत्रा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या कैद्याला सुरक्षेच्या नावाखाली एकांतात कोंडता येणार नाही असे ठरवले. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे कारण मानले गेले. आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी, शिक्षेनंतर जडलेल्या तीव्र मानसिक आजाराच्या कारणावरून, आमरण जन्मठेपेत बदलली गेली. निकालात त्याचे नाव मुद्दाम गाळलेले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्याची संस्था असावी असे सांगतो. त्याच कायद्याचे कलम ९७ मनोरुग्णाला एकांतात ठेवण्यास सक्त मनाई करते, म्हणजे एकांत मनाला घातक आहे हे संसदेने स्वीकारले आहे. तरीही २०२३ साली जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तेव्हा १८६० ची ती दोन कलमे ११ आणि १२ हे क्रमांक घेऊन जवळपास शब्दशः तिच्यात आली. तेच तीन महिने, तेच चौदा दिवस. वसाहतवादी कायद्याचे ओझे उतरवण्यासाठी केलेल्या संहितेत या कलमांना जागा नव्हती. रुग्णाला जे करण्यास कायदा मनाई करतो, तेच धडधाकट माणसाला रुग्ण होईपर्यंत करण्याची मुभा दुसऱ्या कायद्याने देऊ नये. संसदेने ही दोन्ही कलमे रद्द करावीत, आणि तोपर्यंत कोणत्याही न्यायाधीशाने त्यांचा वापर करू नये.