कचऱ्याच्या पिशवीची किंमत

वाचकहो, केर उंबऱ्याबाहेर टाकला की आपले काम संपले, असे आपण समजतो. पण तो केर जातो कुठे? दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. तेथे हान नदीकाठच्या नानजीदो बेटावर १९७८ ते १९९३ पर्यंत शहराचा कचरा पडत गेला आणि नव्वद मीटरांहून उंच असे दोन डोंगर उभे राहिले!

त्या काळी कचऱ्याची पट्टी ठरे ती घराच्या आकारावरून किंवा मालमत्तेच्या करावरून. म्हणजे काटकसरीने राहणारे घर आणि वाटेल ते फेकणारा शेजारी, दोघांना पट्टी सारखीच! मग कचरा कमी करायचा कुणी, आणि कशासाठी?

१ जानेवारी १९९५ पासून देशभर नवी रीत आली. कचरा ठराविक पिशवीतच द्यायचा आणि ती पिशवी विकत घ्यायची. पिशवी जेवढी मोठी, तेवढी किंमत जास्त. कागद, काच, डबे मात्र निवडून ठेवले तर फुकट नेत. लोक निवडू लागले; फेकण्याचा कचरा घटला, पुन्हा वापरायचा माल वाढला. चोरून टाकणारे, जाळणारेही निघालेच. त्यांना दंड ठेवावा लागला.

नानजीदोचे डोंगर मातीने झाकून २००२ साली तेथे उद्यान झाले. पण पोटात कचरा तसाच आहे. म्हणून ध्यानात घ्या: नुसती पट्टी वाढवून भागत नाही. फेकणाऱ्याला भुर्दंड हवा, तशी निवडणाऱ्याला सोयही हवी.