चित्रकार दाता

पोत हा शब्द आपण कापडाला लावतो. चित्रकलेतही तोच चालतो. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्याचा काळा दगड पेन्सिलीने काढायचा तर आखूड, जाड, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा लागतात. शेळीच्या केसांसाठी हात सैल सोडावा लागतो. ज्वारीच्या कणसाला मात्र रेघ चालत नाही, तिथे ठिपकेच हवेत. वीतभर भिंत भरायला किती वेळ जातो, हे ज्याने स्वतः केले आहे त्यालाच दुसऱ्याच्या चित्राचे मोल नीट कळते, असे मला वाटते.

फ्रान्समधला गुस्ताव्ह कायबोत असाच. घरचा गडगंज आणि हाताने चित्रकार. लाकडी जमीन तासणारे मजूर त्याने १८७५ मध्ये रंगवले. तासलेला भाग निराळा, न तासलेला निराळा, वर कुरळ्या ढलप्या! पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने ते चित्र नाकारले. मग तो मोने, रेन्वार या इम्प्रेशनिस्ट मंडळींत गेला. त्यांची चित्रे कोणी घेईना, तेव्हा त्याने घेतली. मोनेचे घरभाडेही भरले. वयाच्या २८ व्या वर्षी त्याने मृत्युपत्र केले: हा संग्रह सरकारला द्यावा. १८९४ मध्ये तो वारला आणि सरकारने त्यातली जेमतेम चाळीस चित्रे स्वीकारली. त्या दानात त्याचे स्वतःचे चित्र नव्हते.

आपल्याकडे असा माणूस शोधायला फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातले औंध, ७२ गावांचे संस्थान. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते इम्प्रेशनिस्ट नव्हेत, पौराणिक विषयांत रमणारे. १९१६ चे 'चित्ररामायण' त्यांच्याच हातचे. १९३८ मध्ये त्यांनी औंधला टेकडीवर संग्रहालय उभारले. रविवर्मा, धुरंधर तर तिथे आहेतच. हेन्री मूर यांचे आई-मुलाचे शिल्पसुद्धा आहे. खेड्यातल्या माणसाने ते पाहावे, असे राजाला वाटले! त्याच वर्षी त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. नुसते पैसे देऊन ते थांबले नाहीत, त्यातली चित्रेही काढली; तीही प्राचीन नमुने पाहून. १९३३ च्या आदिपर्वाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव चित्रकार म्हणून छापले आहे. नावापुढे आधी बी. ए., मग औंधचे अधिपती.