रोहिणीकाठचा पाचवा पंच आणि उत्तर आयर्लंड

शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा उभय पक्षांनी दोन-दोन पंच नेमावे, त्या चौघांनी पाचवा निवडावा व पाचांनी तंटा मिटवावा, असे सिद्धार्थ गौतमाने सुचविले. शाक्य संघाने ते मानले नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वर्णिलेल्या या प्रसंगाचे मोल उत्तर आयर्लंडचा इतिहास वाचताना आम्हांस नव्याने पटते.

तेथील कॅथॉलिक-प्रॉटेस्टंट संघर्ष केवळ उपासनेचा नव्हता. घरे, नोकऱ्या व स्थानिक मताधिकार यांत कॅथॉलिकांवर अन्याय होत असे. त्याविरुद्ध १९६७ साली नागरी हक्क संघटना स्थापन झाली. पुढे शस्त्रे निघाली आणि तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. १९७६ साली मैरेड कॉरिगन व बेटी विल्यम्स यांनी प्रचंड शांतिमोर्चे काढले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु रक्तपात थांबला नाही.

बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातील फादर ॲलेक रीड यांनी पडद्याआड संवादाची वाट खुली केली. १९८८ साली जॉन ह्यूम यांनी जेरी ॲडम्स यांच्याशी बोलणी आरंभिली व त्यापायी कठोर टीका सोसली. १९९४ साली दोन्हीकडील सशस्त्र गटांनी शस्त्रसंधी जाहीर केली. १९९६ पासून अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांनी कॅनडा व फिनलंड येथील सहकाऱ्यांसह वाटाघाटी चालविल्या. हाच तो पाचवा पंच! मात्र त्यांनी निवाडा लादला नाही. वैऱ्यांनाच तो घडवू दिला. मोनिका मॅकविल्यम्स यांच्या महिला आघाडीने हिंसेच्या बळींचा प्रश्न तेथे मांडला.

१० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. सत्तेत उभय समाजांना वाटा, समता आयोग, आणि बहुमताच्या संमतीविना प्रदेशाच्या दर्जात बदल नाही, ही त्याची सूत्रे होत. २२ मे रोजी उत्तरेतील ७१ टक्के मतदारांनी त्यास कौल दिला. ऑगस्टमध्ये ओमा येथील स्फोटात २९ जण ठार झाले; तरी करार टिकला. बेलफास्टच्या वस्त्यांतील भिंती मात्र आजही उभ्या आहेत.

आम्हांस सलोख्याचा उपदेश वारंवार ऐकविला जातो. परंतु पीडिताने विसरावे, हा सलोखा नव्हे. मैत्रीला समतेच्या कायद्याची जोड मिळते, तेव्हाच शस्त्रे खाली ठेवली जातात.