शांत शार्कच्या सहवासात : मालवण ते मालदीव

सातारा-सांगलीकडची मंडळी सुटीत गगनबावडा किंवा आंबोलीमार्गे मालवण गाठतात आणि आयुष्यातील पहिली स्कुबा डुबकी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मारतात. बोटीत बसताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'खाली शार्क नाहीत ना?' गंमत अशी की, त्याच कुळातील मासा कोकणात मुशी किंवा मोरी या नावाने विकला जातो आणि भीतीने विचारणारा पाहुणा रात्री 'मोरीचे मटण' चवीने जेवतो.

जगात शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. माणसावरील जीवघेण्या हल्ल्यांमागे प्रामुख्याने ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तीनच जाती आढळतात. कृष्णेच्या पात्रात मगरी पाहणाऱ्या सांगलीकरांनी यांची धास्ती घेण्याचे फारसे कारण नाही. नर्स शार्क तळाशी सुस्त पडून असतो. डिवचल्यास मात्र चावतो. व्हाइटटिप रीफ शार्क दिवसा प्रवाळाच्या कपारीत विसावतो. या सर्वांत थोर म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असले तरी हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासाच असून, तो जगातील सर्वांत मोठा मासा मानला जातो. एसटीच्या गाडीएवढा, म्हणजे बारा मीटरपर्यंत वाढलेला हा जीव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म प्लवक व लहान मासे खातो.

मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. शार्कदर्शनाची हमी कोणी दिल्यास विश्वास ठेवू नये. पश्चिम किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो, पण त्याची गाठ बहुधा मच्छीमारांच्या जाळ्याशी पडते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी त्याची सर्रास शिकार होई. यकृताचे तेल होड्यांना लावले जाई. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळालेला हा देशातील पहिला मासा ठरला. २००४ मध्ये मोरारीबापूंनी त्याला माहेरी येणाऱ्या लेकीची, 'व्हाली'ची उपमा दिली आणि त्यानंतर गुजरातच्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये संरक्षित जलचर सोडताना फाटलेल्या जाळ्यांसाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरवले. पर्यटकांच्या कॅमेऱ्यात हा मासा येतो, त्यामागे मच्छीमारांनी सोसलेले हे नुकसान आहे.

शांत शार्क पाहण्यासाठी देशात लक्षद्वीप व अंदमान ही ठिकाणे आहेत. परदेशात जवळचे ठिकाण मालदीव. तेथे २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी आली. दक्षिण आरी प्रवाळद्वीपात व्हेल शार्क वर्षभर दिसतात, तर वावू प्रवाळद्वीपातील अलिमाथा येथे रात्रीच्या डुबकीत नर्स शार्कचा घोळका भोवती फिरतो. ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे मार्च ते जुलै हा हंगाम असतो. फिलिपिन्समधील डोन्सोल येथे व्हेल शार्कसोबत स्कुबाला परवानगी नसून नळी-मुखवटा लावून पृष्ठभागावरच पोहावे लागते. त्याच देशात ओस्लोब येथे खाद्य टाकून शार्क जमवले जातात. दर्शन हमखास होते, पण माशाच्या नैसर्गिक सवयी बिघडतात; अशा ठिकाणी न जाणेच बरे. कोठेही गेलात तरी स्पर्श करू नये, फ्लॅश वापरू नये आणि अंगापासून तीन, शेपटीपासून चार मीटर अंतर राखावे.

घाटावरच्या पर्यटकांनी एक खबरदारी विशेषत्वाने घ्यावी. डुबकीनंतर शरीरात नायट्रोजन शिल्लक राहतो आणि उंचीवर जाताच त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानप्रवासाआधी एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबण्याचा संकेत आहे. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. किल्ल्याजवळच्या अल्पकाळाच्या उथळ डुबकीत धोका कमी असला, तरी खोल किंवा अनेक डुबक्या मारणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढू नये. मुक्काम किनाऱ्यावरच करावा आणि सांधेदुखी, चक्कर किंवा बधिरता जाणवल्यास तातडीने डॉक्टरांकडे जाऊन डुबकी मारल्याचे आधी सांगावे.