न चिकटणारें विष

मिरज हें दवाखान्यांचें गांव. डॉ. वानलेस यांनीं 1894 सालीं येथें मिशन-रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून दूरदूरचे रोगी या गांवाची वाट धरीत आले. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर म्हणूनच आम्हां मिरजकरांचा मोठा भरंवसा. त्या चिठ्ठींत सहसा न उमटणाऱ्या एका विषाचा इतिहास आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

1938 च्या एप्रिलांत प्लंकेट नामक अमेरिकन रसायनज्ञास नळकांड्यांत वायूऐवजीं पांढरी भुकटी सांपडली. हाच पुढें तव्यांवर चढलेला टेफ्लॉन. त्याचा मुख्य दोष तव्यांत नाहीं, कारखान्यांत आहे. तो घडवितांना ड्यूपॉण्ट कंपनी 1951 पासून परफ्लुओरोऑक्टॅनॉइक आम्ल वापरूं लागली. आठ कार्बन, पंधरा फ्लुओरिन; एक टोंक पाण्याशीं सख्य करणारें, दुसरें पाणी व तेल दोहोंसहि दूर लोटणारें. साबणाचाच हा चुलतभाऊ म्हणा ना! परंतु कार्बन-फ्लुओरिनची गांठ ऊन, जंतु वा यकृत यांपैकीं कोणासहि सुटत नाहीं. रक्तांतील प्रथिनांस धरून तें वर्षानुवर्षें राहतें. 2019 सालीं स्टॉकहोम करारानें कांहीं सवलती ठेवून त्यावर बंदी घातली; 2023 सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेनें तें मनुष्यांस कर्करोगकारक ठरविलें.

इटलींतील ट्रिसिनो गांवीं मार्झोत्तो या लोंकरवाल्या घराण्यानें, कापडास पाणी लागूं नये म्हणून, 1960 नंतर संशोधनसंस्था काढली. तिचीच पुढें मिटेनी कंपनी झाली. 2013 सालीं तेथील भूजल दूषित झाल्याचें उघडकीस आलें. सुमारें साडेतीन लक्ष लोकांच्या पाण्याचा तो प्रश्न होता. 2018 सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. जून 2025 मध्यें व्हिचेन्झाच्या न्यायालयानें अकरा जणांस दोषी ठरविलें.

आणि यंत्रें? तीं 2019 सालीं लिलावांत लक्ष्मी ऑर्गॅनिकच्या उपकंपनीनें घेतलीं व आमच्या सह्याद्रीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे-परशुराम येथें आणलीं. यंत्र जुनें म्हणून पापी ठरत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तेथें हेंच आम्ल बनतें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु मिटेनीनें तें आम्ल सोडून आखूड साखळीचीं भावंडें हातीं घेतलीं, तींहि पुढें ट्रिसिनोच्या पाण्यांत सांपडलींच. लोट्याचें सांडपाणी दाभोळच्या खाडीस मिळतें, आणि खाडीकांठचीं कित्येक कुटुंबें मासळीवर जगतात. त्यांच्या विहिरींचें व रक्ताचें माप आजच घेऊन ठेवावें. ट्रिसिनोच्या मुलांचें माप घेतलें गेलें, तेव्हां तीं तें पाणी पिऊन चुकलीं होतीं.